दोन खोल्यांतली डोलकाठी

सेंदाईतलं आमचं घर एका सरळ रेषेत होतं. आधी बूट काढायची चिंचोळी जागा, मग स्वयंपाकघर, मग सरकत्या दारापलीकडे सहा तातामी चटयांएवढी खोली आणि शेवटी कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. दारात उभं राहिलं की एका नजरेत घर संपायचं. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्या घरात, दारापासून बाल्कनीच्या काचेपर्यंत, सोळा फुटी डोलकाठी आडवी पडलेली होती आणि मी तिच्या एका बाजूला राहत होते.

नवरा तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून आला होता. लग्नाआधी मी भोसरीला फायबरग्लासच्या कारखान्यात नोकरी करत होते. प्लास्टिक इंजिनिअरिंगचा डिप्लोमा होता माझा. आम्ही पाण्याच्या टाक्या, बसचे बंपर, कूलरच्या बॉड्या बनवायचो. रेझिनच्या चिकट द्रवाचा प्रत्येक लॉट तपासणं आणि साच्यात काचेच्या कापडाचे थर नीट बसतायत की नाही हे बघणं माझ्याकडे असायचं. अंगाला कायम रेझिनमधल्या स्टायरिनचा वास यायचा. आई म्हणायची, लग्नाच्या बोलणीच्या दिवशी तरी सुट्टी घे. मी घेतली नव्हती.

सेंदाईत मी सोबतीच्या व्हिसावर होते. काम करायची परवानगी नव्हती आणि भाषाही येत नव्हती. सकाळी नवरा गेला की लोखंडी दार धाडकन लागायचं आणि त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलायला फक्त रॉकेलवरचा फॅन हीटर असायचा. खोलीतली हवा बदला, हे सांगायला तो ठरावीक वेळाने शिट्टी मारायचा. मी उठायचे, काच उघडायचे, थंडी आत घ्यायचे, काच लावायचे. सुपरमार्केटपर्यंत जाऊन यायचे. कुठल्या दिवशी कुठला कचरा बाहेर ठेवायचा हे सोडून मला त्या देशाचं काहीही समजत नव्हतं. नवरा परतायचा तेव्हा इतका दमलेला असायचा की मी दिवसभर साठवलेलं बोलणं तसंच राहून जायचं.

असं एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षीच्या शरदात नवऱ्याच्या लॅबची नदीकाठची सहल होती. सेंदाईत त्या दिवसांत सगळेच नदीकाठी जाऊन मोठ्या पातेल्यात मांस घालून अळकुड्यांचा रस्सा शिजवतात. मी मांस खात नाही हे कळल्यावर कोणीतरी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात नुसत्या अळकुड्या उकडल्या होत्या. ते भांडं घेऊन मी एका कडेला बसले होते.

लॅबचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणायचे, ते साठीला आलेले उंच गृहस्थ होते. प्राध्यापक असून त्यांचा चेहरा एखाद्या कोळ्यासारखा रापलेला होता. त्याचं कारण त्या दिवशी कळलं. हिवाळ्यात उत्तरेकडचं एक तळं गोठलं की ते त्यावर शिडाची होडी चालवायचे. एका माणसाची होडी, खाली बर्फावर घसरणारी तीन लोखंडी पाती, आणि वर शीड. शर्यती व्हायच्या. मागच्या हिवाळ्यात त्यांची लाकडी डोलकाठी मोडली होती आणि या वेळी त्यांना कार्बन फायबरची डोलकाठी स्वतः बनवायची होती.

“बायको फायबरग्लासच्या कारखान्यात होती,” नवरा म्हणाला.

सेन्सेई माझ्याकडे वळले. सावकाश इंग्रजीत त्यांनी विचारलं, “थरांमधली हवा कशी काढायचात?”

“रोलरने,” मी म्हटलं. “कंटाळा येईपर्यंत. आणि कंटाळा आला की अजून एकदा.”

ते मोठ्याने हसले. मग माझ्यासमोर गवतावर बसूनच राहिले. कुठलं रेझिन, किती वेळात घट्ट व्हायचं, पावसाळ्यात काय करायचात. वर्षभरात मला कोणी माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मी बोलतच सुटले. हातवारे केले, ओल्या वाळूवर बोटाने साचा काढून दाखवला. अळकुड्या गार झाल्या. मला आठवतंय, त्या दिवशी घशाला कोरड पडली होती. इतकं बोलायची सवयच राहिली नव्हती.

मग सेन्सेई आणि नवरा जपानीत काहीतरी बोलले आणि दोघांनी माना हलवल्या. काय ठरलं ते परतताना बसमध्ये कळलं. विद्यापीठात खासगी काम चालत नाही. सेन्सेईंच्या पत्नीला वास सहन होत नाही. एपॉक्सी रेझिन थंडीत नीट धरत नाही, त्यामुळे गॅरेजचा उपयोग नाही. म्हणून डोलकाठी आमच्या घरी बनणार होती.

“घर सरळ आहे ना आपलं,” नवरा म्हणाला. “बरोबर बसेल.”

“मला विचारायचंस तरी.”

“तूच तर म्हणतेस ना, घरात जीव गुदमरतो, करायला काही नाही म्हणून? आता आहे.” मग तो म्हणाला, “आणि त्यांना नाही कसं म्हणणार? मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय.”

मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर आतून आनंदही झाला होता. हातात पुन्हा काम येणार होतं. ते माझ्याच घरात येऊन मलाच घराबाहेर ढकलेल, याची तेव्हा कल्पना नव्हती.

सेन्सेईंनी साचा पाठवला. लाकडाची लांब पन्हाळ, आतून काचेसारखी गुळगुळीत. त्यात डोलकाठीचा अर्धा भाग बनवायचा, मग दुसरा अर्धा, आणि दोन्ही जोडून आतून पोकळ अशी एक काठी करायची. मधलं सरकतं दार काढून बाल्कनीत ठेवावं लागलं. साचा स्टुलांवर आणि खोक्यांवर ठेवला तेव्हा त्याचं एक टोक बूट काढायच्या जागेवर आलं. घराबाहेर जायचं तर त्याच्याखालून वाकून, जवळजवळ रांगत जावं लागायचं. मी बाहेर जाणं कमी केलं. आधीही कुठे फार जात होते.

कार्बनचं कापड मासेमारीच्या गळकाठ्या बनवणाऱ्या एका कारखान्यातून आलं, उरलेल्या गुंडाळ्या. काळं, चकचकीत, हाताला रेशमासारखं. मी पहिल्यांदाच कार्बन हाताळत होते. भोसरीत आम्ही पांढरं काचेचं कापड वापरायचो, तेही सगळ्यात स्वस्तातलं. ते काळं कापड कापताना मला उगाचच पैठणीवर कात्री चालवल्यासारखं वाटलं होतं.

थर दाबून बसवायला निर्वात पंप हवा होता. सेन्सेईंनी मोठ्या वस्तू कचऱ्यात टाकायच्या दिवशी कोणीतरी टाकून दिलेला फ्रीज शोधून त्याचा कॉम्प्रेसर काढून आणला. ओल्या थरांवर प्लास्टिक पसरायचं, कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि या कॉम्प्रेसरने आतली हवा ओढून घ्यायची. मग प्लास्टिक कातडीसारखं घट्ट बसतं आणि सगळे थर एकमेकांना चिकटतात. त्या कॉम्प्रेसरची घरघर जेवताना, झोपताना, अंघोळीत, सतत कानात असायची. खालच्या मजल्यावरची म्हातारी एकदा वर येऊन काहीतरी बोलली. मी फक्त मान वाकवत राहिले. ती साच्याकडे बघून आणखी काहीतरी बोलली आणि गेली. तिला काय वाटलं असेल, कुणास ठाऊक.

रेझिनला ऊब हवी. हीटर रात्रंदिवस चालू ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून आमचा विजेवर तापणारा गालिचा साच्यावर पांघरला आणि त्यावर आमची जाडी रजई. आम्ही दोघं साच्याशेजारी कोट घालून झोपायचो. नवरा गमतीने म्हणायचा, घरात बाळ आलंय. मला हसू यायचं नाही.

काच उघडायची सोय आता राहिली नव्हती. उघडली की तापमान उतरायचं. हीटर शिट्टी मारायचा आणि मी फक्त स्वयंपाकघरातला छोटा पंखा सुरू करायचे. वास भिंतींत मुरला. भाताला, टॉवेलला, माझ्या केसांना तो वास येऊ लागला. भोसरीच्या वासाची मला आठवण येते असं मी पुण्याला आईला फोनवर सांगायचे, पण हा तो वास नव्हता. तिथे शेड होती, उंच छप्पर होतं, चहाला बाहेर जाऊन उभं राहता यायचं. इथे मी त्याच्यासोबत कोंडलेली होते. सहा पावलं इकडे, सहा पावलं तिकडे, आणि मध्ये ती काळी पन्हाळ.

काही आठवड्यांत माझ्या मनगटांवर लाल पुरळ उठला. मग कोपराच्या आत, मग पापण्यांवर. हातमोजे होते, पण रेझिन घट्ट व्हायला त्यात मिसळतात तो हार्डनर मोज्यांच्या कडेतून आत यायचा. मी लांब बाह्यांचे स्वेटर घालायला लागले. रात्री खाज इतकी व्हायची की मी हात बाल्कनीच्या गार काचेला लावून बसायचे. नवऱ्याने एकदा पाहिलं. म्हणाला, “कोरड्या हवेने होतं असं. क्रीम लाव.” मी लावलं.

दुसरा अर्धा भाग बनवत होतो त्या संध्याकाळी नवरा कधी नव्हे ते लवकर आला. बाहेर बर्फ पडत होता. मी थर बसवून, प्लास्टिक बंद करून, पंप चालू करून नुकतीच मागे सरले होते. तो आत आला, साच्याखालून सरपटत स्वयंपाकघरात उभा राहिला आणि गारठलेल्या हातांनी चहासाठी विजेची किटली लावली. विजेच्या कुकरमध्ये भात होता, गालिचा तापत होता, पंप चालू होता. आमच्या घराला इतकी वीज पेलायची नाही, हे आम्हाला माहीत होतं. पण थंडीत माणूस विसरतो.

खट्ट असा आवाज झाला आणि सगळं विझलं.

त्या घरात कित्येक आठवड्यांत इतकी शांतता झाली नव्हती. पंप थांबला होता. विजेचा खटका दाराच्या वर होता आणि त्याच्यापर्यंत पोचायला लागणारं स्टूल साच्याखाली होतं. नवरा खोक्यांवर चढला, खाली घसरला, पुन्हा चढला. मी अंधारात प्लास्टिकवर हात फिरवत होते. काही मिनिटांपूर्वी घट्ट ताणलेलं प्लास्टिक हळूहळू सैल होत होतं. तळहाताखाली ते लिबलिबीत लागत होतं. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं, पण सोळा फुटांवर दोन हात किती ठिकाणी ठेवणार?

दिवे आले. पंप चालू झाला. एका जागी, मधोमध, प्लास्टिक पुन्हा नीट बसलं नाही.

“ठीक आहे ना?” नवऱ्याने विचारलं.

“बघू,” मी म्हटलं.

दोन्ही भाग जोडून, घासून, डोलकाठी तयार झाली तेव्हा ती खरंच सुंदर दिसत होती. काळी, सडपातळ, एका टोकाला निमुळती. एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. नवरा तिच्यावरून हात फिरवत राहिला. मी एक नाणं घेऊन टोकापासून तिच्यावर ठकठक करत निघाले. कारखान्यात आम्ही टाक्या अशाच तपासायचो. थर एकजीव असले की आवाज खणखणीत येतो. टण, टण, टण. मधोमध आल्यावर थप. पुढे पुन्हा टण. मी मागे गेले. थप. हाताच्या वितीएवढी जागा आतून सुटलेली होती.

“इथे वाकली की मोडेल,” मी म्हटलं.

नवऱ्याने तिच्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, “ते साठीचे आहेत. किती जोरात चालवणार?”

“बर्फावरची होडी मोटारीसारखी पळते, तूच सांगितलंस मला.”

“रविवारी येतायत ते बघायला. या हिवाळ्यातच कॉन्ट्रॅक्टचं ठरणार आहे. आपण नंतर सांगू. किंवा वरून एक थर देऊ.”

“वरून थर देऊन आतली हवा जात नाही.”

“मग काय सांगायचं त्यांना? माझ्या किटलीमुळे तुमची डोलकाठी गेली?”

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यात मला भीती वाटत होती, हे सांगायला हवं. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर आम्ही परत जाऊ, आणि मला तर परतच जायचं होतं. तरीही भीती वाटत होती. त्याच्या चेहऱ्यावरची भीती माझ्याही अंगात शिरली होती.

रविवारी सेन्सेई स्ट्रॉबेरीचा केक घेऊन आले. साच्याखालून वाकून आत येताना त्यांचं डोकं आपटलं, तरी हसत होते. त्यांनी डोलकाठीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग नवऱ्याला जपानीत काहीतरी म्हणाले. नवरा वाकला. पुन्हा वाकला. मला एवढंच कळलं की ते आभार मानतायत.

“सेन्सेई,” मी म्हटलं, “दामे देस.”

‘दामे’ म्हणजे नको, चालणार नाही, बाद. दुकानात आया मुलांना म्हणायच्या, तेवढ्यावरून मला तो शब्द येत होता.

नवरा मराठीत, दात न उघडता म्हणाला, “जरा थांब ना.”

मी थांबले नाही. नाणं घेतलं आणि वाजवून दाखवलं. टण, टण, थप. सेन्सेईंचं हसू गेलं. त्यांनी माझ्या हातातून नाणं घेतलं, तातामीवर गुडघे टेकले आणि कान काठीजवळ नेऊन टोकापासून स्वतः वाजवत निघाले. मधल्या जागी थांबले. पुन्हा पुन्हा वाजवलं. खोलीत तेवढाच आवाज होता.

“काय झालं?” त्यांनी इंग्रजीत मला विचारलं.

उत्तर नवऱ्याने दिलं. “वीज गेली. माझ्यामुळे. मी किटली लावली होती.” त्या क्षणी मला त्याची दया आली आणि त्याच्याबद्दल प्रेमही वाटलं. इतक्या दिवसांत ते वाटायला जागाच मिळाली नव्हती.

सेन्सेईंनी मान हलवली. मग त्यांनी वर बघितलं. माझी बाही नाणं वाजवताना वर सरकली होती. त्यांची नजर माझ्या मनगटांवर गेली, मग पापण्यांवर, मग साच्याच्या रजईवर, कोपऱ्यात ठेवलेल्या आमच्या कोटांवर. जणू ते आत्ताच घरात आले होते.

“मो इच्चिदो,” ते शेवटी म्हणाले. म्हणजे ‘पुन्हा एकदा’.

खरं बोलले म्हणून पुन्हा एकदा तीच पन्हाळ, तीच घरघर, तीच बंद काच. मी म्हटलं, “कोको, दामे.” इथे नाही. शब्द दोनच होते, पण मी ते दोनदा म्हटले.

ते उठले, आणि इतके खाली वाकले की मला काय करावं सुचेना. मीही वाकले. नवराही वाकला. आम्ही तिघंही डोलकाठीच्या दोन बाजूंना वाकून उभे होतो.

ती काठी जिन्याच्या वळणावरून खाली जाईना, म्हणून बाल्कनीतून दोरांनी उतरवावी लागली. पुढे सेन्सेईंनी लॅबमध्ये ती मुद्दाम वाकवून पाहिली. ती बरोबर त्याच जागी तुटली, असं नवऱ्याने येऊन सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

दुसरी डोलकाठी सेन्सेईंच्या घरी, माडीवरच्या लांब, काचबंद व्हरांड्यात हीटर लावून बनली. मी आठवड्यातून काही वेळा बसने तिथे जायचे. माझ्या हातांना आता रेझिनचा थेंबही चालत नव्हता. मी खुर्चीवर बसून सांगायचे आणि सेन्सेई थर बसवायचे. ते चांगले शिकत होते. घाई मात्र करायचे.

पहिल्याच दिवशी त्यांच्या पत्नीने मला खाली स्वयंपाकघरात बोलावून चहा दिला. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई. मी नाकावर बोट ठेवून हातवाऱ्यांनी विचारलं, वासाचा त्रास होत नाही ना? त्यांना प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग त्या हसल्या. टेबलावरचा शब्दकोश जवळ ओढून, शब्द शोधत शोधत त्यांनी जे सांगितलं ते असं: वासाचं काही नाही. लग्न झाल्यापासून या घरात होड्या येतायत. या वर्षी पहिल्यांदा मी म्हटलं, नको. आता या वयात मला माझा व्हरांडा हवा. म्हणून माझा नवरा तुमच्याकडे आला. तुमचं घर दोन खोल्यांचं आहे हे त्याने मला सांगितलं नाही.

त्यांनी माझे हात हातात घेतले, मनगटं उलटी करून बघितली आणि त्यांचे डोळे भरले. मला मात्र राग येत होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. आयुष्यभर गप्प राहून एकदाच नको म्हणणाऱ्या या बाईवर कसा रागवायचा? पण त्यांच्या ‘नको’चा सगळा भार माझ्या तातामीवर येऊन पडला होता, हेही खरंच होतं.

“तुम्ही तळ्यावर जाता का बघायला?” मी शब्दकोश माझ्याकडे ओढून विचारलं.

“एकदाही नाही,” त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. मी, नवरा आणि सेन्सेई, त्यांच्या व्हॅनमध्ये, वर डोलकाठी बांधून. त्या आल्या नाहीत. डोंगरांच्या मधोमध पांढरं सपाट तळं आणि त्यावर रंगीत शिडांच्या काही होड्या. सकाळी वारा नव्हता. सगळे आपापल्या गाड्यांत बसून गरम पाण्यात नूडल्स भिजवून खात होते. मला वाटलं, एवढं सगळं करून आता इथे काचेमागे बसून राहायचं.

दुपारी वारा सुटला. सेन्सेईंनी होडी ढकलत थोडं अंतर पळून आत उडी घेतली आणि उताणे पडले. शीड भरलं. मग डोलकाठी वाकली. ती मधोमध वाकतच गेली. मी त्या जागेकडेच बघत होते, पहिली काठी जिथे सुटली होती तिथे. ती धनुष्यासारखी वाकून तशीच राहिली आणि होडी सुटली. पात्यांचा खरखर आवाज आधी मोठा झाला, मग लांब गेला. काही क्षणांत ते पांढऱ्यावर एक ठिपका होते. मी कुणाचेतरी उसने, दोन मापांनी मोठे बूट घालून किनाऱ्यावर उभी होते. मला रडू फुटलं. ते आनंदाचंही होतं, पण जास्त हेव्याचं होतं. इतकं मोकळं मैदान, इतका वेग, आणि तो माझ्या हाताखालून गेला होता.

सेन्सेई परत आले तेव्हा भुवयांवर बर्फ होता. लहान मुलासारखे ओरडत होते. त्यांनी नवऱ्याचे खांदे धरले आणि सगळ्यांसमोर काहीतरी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. नवऱ्याचा चेहरा उजळला. तो वाकला आणि माझीही मान आपोआप वाकली.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. अजून दोन वर्षं.”

तळ्यावर वारा होता तसाच होता. मला मात्र कोणीतरी हीटरजवळची काच लावून घेतल्यासारखं झालं.

परतताना सेन्सेई गाडी चालवत होते आणि आम्ही मागे बसलो होतो. मराठी त्यांना येत नव्हती, त्यामुळे आम्ही अगदी मोकळेपणाने, पण हळू आवाजात बोललो.

“तू हो म्हणालास?”

“वाकलो ना. म्हणजे हो.”

“मला विचारलं नाहीस.”

त्याने काचेवरची वाफ पुसली. मग म्हणाला, “नाही विचारलं.”

“मी मार्चमध्ये पुण्याला जातेय.”

“किती दिवसांसाठी?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. त्याने माझा हात धरला आणि मनगटाला दुखेल म्हणून लगेच सैल केला.

मी गेले. आईकडे राहिले. कारखान्यात जुनी जागा मिळाली, साहेब म्हणाले, तू येणारच होतीस. मधल्या काळात त्यांनी पवनचक्क्यांच्या पात्यांचं काम घेतलं होतं आणि शेडमध्ये आता जुन्या रेझिनच्या जागी एपॉक्सी आलं होतं. आठवडा झाला नसेल, माझ्या पापण्या सुजून डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, ही एपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते, या कामापासून लांब राहा. मी एवढ्या लांबून माझं काम शोधत आले होते आणि माझ्या अंगानेच त्याला नको म्हटलं. त्या दिवशी मी कारखान्याच्या फाटकाबाहेर रिक्षा थांबवायची सोडून नुसती उभी राहिले. सेंदाईत निदान दोष द्यायला एक घर होतं.

पावसाळाभर मी पुण्यात होते. नवऱ्याचा रविवारी फोन यायचा. तो ये म्हणायचा नाही, आणि मी येते म्हणायचे नाही. मी डेक्कनला जपानीचा वर्ग लावला. आधी वेळ घालवायला, मग गोडी लागली म्हणून. दोन शब्दांवर एवढं घडलं, तर दोनशे आले असते तर काय झालं असतं, असा विचार यायचा. शरदात मी माझं तिकीट स्वतः काढलं.

सेंदाई स्टेशनवर तो घ्यायला आला होता. बारीक झाला होता. जिना उतरताना म्हणाला, “ते घर सोडायचं म्हणतोय. तीन घरं बघून ठेवलीत. कुठलंच ठरवलं नाही. तू बघ.”

आम्ही दुसऱ्या दिवशी तिन्ही बघितली. तिन्हींना तसंच लोखंडी दार होतं, तशीच बाल्कनी होती, आणि बाहेरचा उजेड तितकाच आत येत होता. तिसऱ्या घराखालून, मी इथे लावणार होते त्या जपानीच्या वर्गाला जाणारी बस मिळत होती. मी त्याला म्हटलं, हे घेऊ. त्याने लगेच हो म्हटलं नाही. आधी विचारलं, “नक्की?” मी थोडा वेळ त्या रिकाम्या खोलीत उभी राहिले आणि म्हटलं, नक्की नाही, पण घेऊ. त्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो.